रानातले वाल कोण निवडतं

मामी, तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत माझं एकही वाक्य कोणी मधेच तोडलेलं नाही. वर्गात मुली ऐकून घेतात, घरी हे ऐकून घेतात. मीच बोलता बोलता थांबते. वाक्याच्या मध्यावर तुझं "थांब गो जरा" येणार म्हणून जागा सोडायची मला सवय लागली आहे.

भेटायला आलेली माणसं तुझ्याविषयी चांगलंच बोलली. तुझ्या हातचं वालाचं बिरडं आठवलं, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा तुझा आवाज आठवला. एक जण म्हणाले, "बाई फार देवभोळ्या होत्या." मी आणि तुझी सून मंदा, आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तू देवाला मानायचीस, रोज दिवा लावायचीस, पण भोळेपणा तुझ्या अंगात औषधालाही नव्हता. भोळी असतीस तर माझी आठ वर्षं सुखात गेली असती.

तुझं गाव, वय, लेकरंबाळं, हे सगळं सुरेशने उत्तरकार्याच्या पत्रिकेत छापलंय. तुझा मुलगा आहे, त्याचं ते कामच. माझ्या वाट्याला आहे ते आपलं भांडण, आणि त्यातली एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही.

आठ वर्षांपूर्वी भातकापणी उरकून तू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पेणला आलीस. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आठ दिवस आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोळ्यावर हिरवी झापड लावून तू जेवणाच्या टेबलाशी बसलीस आणि पिशवीतून सूप काढलंस. पेरणीचे वाल निवडायचे राहिले होते म्हणे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी सहामाहीचे जीवशास्त्राचे पेपर तपासत होते. खालच्या गणपतीच्या कारखान्यात कोणीतरी पॉलिशपेपर घासत होतं.

सुरेशने माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. सूट घातलेला एक माणूस त्यात सांगत होता, कॅमेरा पाहिला की आपण म्हणतो, हा कोणीतरी बनवला. डोळा तर कॅमेऱ्याच्या शंभरपट गुंतागुंतीचा. तो आपोआप होईल कसा? त्याच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, उत्क्रांती वगैरे सगळं थोतांड. मी वैतागले. मला वाटलं, तू मात्र खूश होशील. पण एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेली तू, दुसऱ्या डोळ्याने सुपात बघत म्हणालीस,

"कॅमेऱ्याला पिल्लं व्हतात काय?"

"नाही."

"मंग त्याचा आन् डोळ्याचा संबंध काय?"

मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षं हा धडा शिकवतेय, पण इतक्या थोडक्यात मला तो कधी मांडता आला नव्हता. मग मी उत्साहाने अख्खा धडाच तुला सांगितला. सजीवांना पिल्लं होतात, ती आईबापांपेक्षा थोडी वेगळी निघतात, जी टिकतात त्यांचीच पुढे पिल्लं होतात, आणि असं लाखो वर्षं चालतं. "तू सुपात करतेस तेच गं मामी. चांगला दाणा बियाण्याला, बाकीचे भाजीला. हळूहळू वाल बदलत जातात."

"म्या निवडते म्हनून बदलतात."

"हो."

"मंग रानात कोन निवडतं?"

"कोणी नाही. पाऊस, ऊन, किडा, पाखरं. जे टिकतं ते टिकतं."

"थांब गो जरा. निवडनारा नाय, तर त्याला निवड कशाला म्हनता?"

"शब्द आहे तो."

"कुनी ठेवलाय? तुम्हीच ना?"

त्या मुक्कामाचे आठ दिवस होते, त्याचे पंधरा झाले. डोळा बरा झाला तरी तू जाईनास.

तू व्हिडिओतल्या माणसाच्याही बाजूची नव्हतीस, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. देवाने एका दिवसात सगळं घडवून मांडून ठेवलं, हे तुला अजिबात पटत नव्हतं. सासूच्या वेळच्या शेंगा आखूड होत्या, त्या तुझ्या डोळ्यांदेखत लांब झाल्या, हे तू शपथेवर सांगायचीस. वस्तू बदलते, हे तुला मान्यच होतं. पण सूप कुणाच्या तरी हातात असतं, यावर तू अडून होतीस. मी म्हणायचे, हातच नाही. तू म्हणायचीस, तुला दिसत नसंल.

गावी परत गेल्यावर तू फोनवर सुरू झालीस. मधल्या सुट्टीत माझा डबा उघडायला आणि तुझा फोन यायला एकच गाठ. "मास्तरीण, मोराचा पिसारा पावसानं निवडला काय?" मी म्हटलं, पावसाने नाही, लांडोरीने. तिला मोठा पिसारा आवडला, तिने तसा मोर निवडला. तू म्हणालीस, "म्हंजे हाय की निवडनारी." आणि फोन ठेवलास. मला उत्तर सापडायला दोन दिवस लागले, आणि ते तुला पटलं नाही ते नाहीच.

त्याच डिसेंबरात मी पॅसेंजरने निडी स्टेशनवर उतरले आणि चालत तुझ्याकडे आले, तेव्हा तू चहा व्हायच्या आधीच मला शेतावर नेलंस. ओहोळाच्या वरच्या अंगाला, बांधाला लागून, खोलीएवढा उताराचा तुकडा होता. तिथे पाणी साचत नाही. तू म्हणालीस, "ह्यो कोपरा सोडला. यंदा पेरलाय. म्होरं कुनी हात लावायचा नाय. पेरायचं नाय, निवडायचं नाय, राखायचं नाय. बघू तुझा पाऊस काय निवडतो."

सुरेशने त्या कोपऱ्याला 'बेवारशी' नाव ठेवलं. वाल बदलले तर मी जिंकले आणि वाया गेले तर तू, असं काहीतरी आपण ठरवलं. बदलले आणि वायाही गेले तर काय, हे ठरवलं नाही. ते शास्त्र शिकवणाऱ्या बाईने आधी ठरवायला हवं होतं.

आता ती गोष्ट. दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी आले, तेव्हा रानडुकरांनी कोपरा पार उकरून ठेवला होता. चार-पाच वाळक्या वेलांखेरीज काही उरलं नव्हतं. इकडे मी शाळेत दहावीच्या मुलींना हा प्रयोग सांगून बसले होते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तक्ता लावला होता, दर वर्षी भरायच्या रिकाम्या रकान्यांसकट. तू दुपारी पडवीत लवंडली होतीस. मी तुझा बियाण्याचा डबा उघडला, त्यातले बारके, कडक, काळपट दाणे वेचून काढले, पावसात हेच टिकतील असं वाटलं ते. मग ऊन लागू नये म्हणून घेतलेल्या छत्रीच्या टोकाने कोपऱ्यात भोकं पाडत गेले, एकेक दाणा आत टाकला आणि चपलेने माती सारली. परत येऊन तुझ्या हातचा चहा प्यायले. मी स्वतःला समजावलं की डुकरांनी मोडलं ते मी फक्त नीट केलं. पण दाणे मी निवडले होते, मामी. कोणी निवडायचं नाही, एवढीच तर अट होती.

पुढे कोपरा भरला आणि खरोखरच बदलत गेला. शेंगा वेलावरच तडकायच्या आणि दाणे आपले आपण खाली पडायचे. मऊ सालीचे पावसात कुजायचे, कडक सालीचे मातीत गप्प राहायचे आणि पाऊस ओसरल्यावर उगवायचे. तीन-चार वर्षांनी तू म्हणालीस, करून तर बघू. दोन दिवस भिजत घातले तरी फुगेनात. कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या. पहिल्याच घासाला सुरेशने दाढ धरली आणि पान बाजूला सारलं. तू मात्र सगळं पान संपवलंस.

"ह्ये देवालाबी शिजायचे नायत," तू म्हणालीस.

"पण कोणी न निवडता बदलले की नाही?"

"बदलले. पन कुनासाठी?"

"स्वतःसाठी. त्यांना टिकायचं होतं."

तू बराच वेळ चावत राहिलीस. मग म्हणालीस, "आपल्यासाठी नाय, ह्ये बाकी खरं." तो विषय तू त्या दिवशी पुढे वाढवला नाहीस. मीही नाही. त्या तुकड्यात जे चाललं होतं त्याला आपलं काही पडलेलं नव्हतं, हे आपल्याला दोघींनाही एकदमच कळलं असावं. मला ते पाठ होतं. तू ते खाऊन पाहिलंस.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला. शेंगा भरून उभ्या होत्या. तीन दिवस पडला. तुझा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज मला ओळखू आला नाही. "वाल गेलं गो," एवढंच बोललीस. दुसऱ्या दिवशी मी आले तर तू बांधावर बसून एकेक शेंग सोलत होतीस. दाणे आतच कोंबारले होते, बाकीचे काळे पडले होते. डब्यात मागे काही ठेवलेलं नव्हतं, सगळं पेरलं होतं. सुरेश म्हणाला, रोह्याच्या दुकानातून आणू. तू मान हलवलीस. सासूने तुझ्या हातात दिलेलं बियाणं होतं ते, चाळीसच्या वर वर्षं तू राखलेलं. तू रडली नाहीस. मला मात्र तुझ्याकडे बघवेना.

मग तू उठलीस आणि कोपऱ्याकडे गेलीस. तिथल्या शेंगा पावसाने ढिम्म हलल्या नव्हत्या. दाणे खडखडीत. तू ओटी भरून घेतलेस.

गेल्या डिसेंबरात तू तेच पेरलेस. यंदा शिमग्याला मी आले, तर पडवीत वाट्यांची रांग मांडलेली. तेवीस वाट्या. एकेका वेलाचे दाणे वेगळे भिजत घातलेले आणि प्रत्येक वाटीला निराळ्या रंगाचा दोरा. जे लवकर फुगतील त्या वेलाचं बियाणं ठेवायचं. हे तुला मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा इतकी नीट मांडणी कधी झालेली नाही. तू निळ्या दोऱ्याची वाटी माझ्यापुढे धरलीस. त्यातले दाणे टम्म फुगले होते.

"पावसानं निवडून दिलं, आता म्या निवडते," तू म्हणालीस. "शुभे, एक सांगू? निवडनारा नसला तरी निवड व्हते. ह्ये तुझं खरं."

सात वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहिली होती. तू ते म्हणशील त्या दिवशी गावभर पेढे वाटेन, असं मी सुरेशला सांगून ठेवलं होतं. आणि तू म्हणालीस तेव्हा मी ती वाटी तुझ्या हातून घेतली. मी एवढंच पुटपुटले, "तुझंही थोडं खरं आहे, मामी." तू म्हणालीस, "आता मस्का मारू नको." सांगायची ती वेळ होती. मी वाटी खाली ठेवली आणि आंब्याला मोहोर कसा आलाय ते विचारलं.

दिवाळीनंतर तुला रोह्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी शाळा सुटल्यावर गाडी पकडून येत होते. नाकात नळी, तरी तू बाजूच्या खाटेवरच्या बाईला वालाच्या साली कशा काढायच्या ते समजावत होतीस. शेवटच्या भेटीत तू मला जवळ बोलावलंस.

"बदलतं कसं ते कळलं. पन पयला दाना कुठनं आला?"

मी सवयीने तोंड उघडलं. समुद्र, रसायनं, वीज, सगळं जिभेवर आलं. मग तुझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नक्की माहीत नाही, मामी. अजून कोणालाच नीट माहीत नाही."

तू हसलीस. "आज शिकल्यावानी बोललीस."

त्याच वेळी कोपऱ्याचंही सांगून टाकावं, असं मनात आलं. पण सुरेश पेज घेऊन आला, तू त्याला पेजेत मीठ कमी आहे म्हणून बोलायला लागलीस, आणि माझी गाडीची वेळ झाली. चौथ्या दिवशी मंदाचा फोन आला.

दहाव्याला आम्ही सगळे रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर होतो. बायकांनी यावं की नाही, असं कोणी विचारायच्या आत मंदा रिक्षात बसली होती. पिंड मांडला, भातावर दही घातलं, बाजूला बिरडंही ठेवलं. समोरच्या झाडावर तीन कावळे बसले होते. एकही खाली येईना. सुरेश हात जोडून म्हणाला, "आई, गाय इकनार नाय." कावळे बसलेले. "मंदाशी भांडनार नाय." मंदा शेजारून म्हणाली, "ह्ये तरी आईंना पटंल असं बोला." लोक तोंड फिरवून हसले. अर्धा तास गेला. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणून भटजी दर्भ घेऊन बसले.

मग सुरेश माझ्याकडे वळला. "ताई, तिचं अर्धं बोलनं तुझ्याशीच असायचं. तू बोल काहीतरी."

मी काय बोलावं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामी, तुझंच खरं, एवढं म्हणायचं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि एक खोटं पुरेसं होतं. चाळीस माणसं अंगावर उभी असताना कावळा खाली येत नाही, हेही मला ठाऊक होतं. तरी मी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "मामी, कोपऱ्यात डुकरं आली होती ना, त्या मे महिन्यात मी तिथे वाल लावले होते. तुझ्या डब्यातले निवडून. तू मला जिंकवलंस, ते फसवून जिंकलेलं होतं."

भटजींनी मान वर केली. "कसले वाल?"

कोणाला काही कळलं नाही. आणि माझ्या मागे मंदा पदरात तोंड घालून हसत होती.

"ताई, आईंना ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्याच दसऱ्याला मला म्हनाल्या, मंदा, कोपऱ्यात वाल दोन ओळींत उगवलेत, ईत ईतभर सोडून. पाऊस ओळीत पेरत नाय. ह्यो मास्तरनीचा हात."

मी मागे वळले. "मग शिमग्याला मला खरं का म्हणाली?"

"म्याबी तेच इचारलं. तर म्हनाल्या, पोरीनं एकदा पेरलं. त्याच्याम्होरं पाच पावसाळे कुनी हात लावला? म्या रोज बघत व्हते. ते पाच तिचेच."

मी घाटाच्या पायरीवर बसले. तू दोन ओळी पाहून माझा हात ओळखला होतास. मला एका शब्दाने टोकलं नाहीस. तेवढा हात बाजूला काढून, उरलेली पाच वर्षं मोजून, माझं जे माझ्याकडे निघत होतं ते नेमकं मला दिलंस. पेपर तपासताना इतक्या न्यायाने गुण मी कुणाला दिले असतील, असं मला वाटत नाही. मला रडू आलं, आणि त्याच्यात हसूही. सुरेशने विचारलं, झालं काय? मंदाने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, गावातले दुकानदार काका मधे मधे प्रश्न विचारू लागले, अकरा शिट्ट्यांपर्यंत गोष्ट आली तेव्हा सगळा घाट हसत होता. दहाव्याच्या दिवशी इतकं हसणं बरं दिसत नाही, असं कोणी म्हणालं नाही.

"अहो, इकडे बघा," भटजी म्हणाले.

पिंड एका बाजूने फुटला होता. शितं सांडली होती आणि बिरडं अर्धं गेलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. सुरेशने हात जोडले आणि म्हणाला, "शिवला." काका म्हणाले, साळुंकी असेल, साळुंक्या फार झाल्यात इथे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, जीवशास्त्राची बाई म्हणून.

मी खाली वाकले. ओल्या फरशीवर दह्याचे ठसे उमटले होते. पुढे तीन बोटं, मागे एक, आणि साळुंकीच्या मानाने पाय बराच मोठा. तो आपला आपण आला की त्याला कोणी पाठवलं, ते ठशावरून कळत नाही, मामी. जेवढं कळत होतं तेवढं मी सांगितलं.

"कावळाच होता," मी म्हटलं, आणि सुरेशने घरी फोन करून पानं वाढायला सांगितली.